मयताची कॉफी

उत्तनला डॉमनिकच्या पाखाडीत, म्हणजे त्याच्या वाडीत, माणूस गेला की पहिला फोन फादरना जायचा आणि दुसरा डॉमनिकला. काही घरांत हा क्रम उलटाही असायचा. फादर काय, येणारच. डॉमनिक मात्र एखाद्या वेळी बाजारात गेलेला असायचा.

तसा डॉमनिक कोणी मोठा माणूस नव्हता. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं पॉलिश मारून तो घरी बसला होता. इतकी वर्षं चकचकीत भांड्यांत स्वतःचं तोंड बघून माणसाला गर्व व्हायचा, पण त्याचं उलटच झालं. "वाटीत तोंड रुंद दिसतं, पेल्यात लांब दिसतं. खरं कुठलं ते देवाला म्हायती," असं तो म्हणायचा आणि रविवारी देवळात मासच्या प्रार्थनेला जाताना भांग पाडायचाही कंटाळा करायचा.

पण मयताच्या घरी त्याच्या शब्दाला किंमत होती. पाखाडीत रीत अशी की मयत घरात असेपर्यंत त्या घरची चूल पेटत नाही. लोक येतात, पेटीपाशी उभे राहतात, प्रार्थना म्हणतात, मग बाहेर मांडवात खुर्चीवर बसतात. आणि बसलेल्या माणसाच्या हातात गुळाच्या काळ्या कॉफीचा पेला आणि बेकरीचे दोन बटर द्यावे लागतात. हातात पेला असला की माणसाला काही बोलावं लागत नाही. दुःखाच्या घरी ही फार मोठी सोय आहे. ही कॉफी परसात, तीन दगडांवर, मोठ्या तोपात दहा लिटर व्हायची आणि ती अडतीस वर्षं डॉमनिक करत होता.

त्या रीतीला एक पोटनियम होता. ज्याने मयताला खांदा द्यायचा, त्याने तोपाला हात लावायचा नाही. घरच्यांनी पेटीपाशी बसायचं, शेजाऱ्यांनी चुलीपाशी. शेजारी कोण आणि घरचा कोण हे एरवी पाखाडीत सांगता येत नाही, सगळेच एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात. त्या दिवशी मात्र लख्ख कळायचं: धूर कोणाच्या डोळ्यांत जातोय एवढंच बघायचं.

डॉमनिकचं माप म्हणजे निळ्या काठाचा पांढरा इनॅमलचा मग. त्याचा कान केव्हाच तुटला होता. तोपाला चार मग बिया. बिया अख्ख्या मापायच्या, मग हाताच्या चक्कीवर दळायच्या. एवढंच. पण हे "एवढंच" दुसऱ्या कोणाला जमत नसे, कारण मग सपाट भरायचा की शीग लावून, हे डॉमनिक त्या त्या वेळी ठरवायचा. आपण ठरवतो हे त्याने स्वतःशी कधी कबूल केलं नव्हतं. पाखाडीला मात्र माहीत होतं. आवडीचा माणूस गेला की कॉफी दाट. नावडता गेला की पेल्याचा तळ दिसायचा. जन्मभर पोरांच्या कानशिलात वाजवणारे एक मास्तर गेले तेव्हा दोन पेले पिऊनही कोणाची झोप उडाली नव्हती, असं लोक अजून सांगत. म्हातारी माणसं तर डॉमनिकशी जपूनच वागत. कोणी सुकटीचा वाटा आणून देई, कोणी रस्त्यात धरून विचारी, "काय डॉमनिक, माझ्या टायमाला शीग लावशील ना रे?"

"आधी मर तर," डॉमनिक म्हणे. "मग बघू."

या चाललेल्या कारभारात काटा आणला तो त्याच्या मुलीने. ब्रिटनी मीरा रोडला एका कॅफेत कामाला होती. तिथे कॉफी भांड्याने मापत नाहीत, तोलतात. वजनकाटा बशीएवढा, आणि ग्रॅमचाही दहावा भाग दाखवणारा. एक दिवस ती तसलाच एक काटा घरी घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?" डॉमनिकने विचारलं. "सोनं काढलंस काय विकायला?"

"पप्पा, बियांसाठी आहे. मगाने मापलेलं कधी सारखं येत नाही. बी जास्त भाजली की फुगते, हलकी होते. कमी भाजली की बारीक आणि जड राहते. मग तेवढाच दिसतो, पण आत माल कमीजास्त असतो."

"माणसाचं पण तसंच हाय," डॉमनिक म्हणाला. "म्हणून काय आपण माणसाला काट्यावर ठेवून हाक मारतो?"

"पप्पा, मी कॉफीबद्दल बोलतेय."

"तुझी आजी चाळीस वर्षं भाईंदरच्या बाजारात मासे विकायची. वाटा लावून. एक वाटा, दोन वाटे. कधी तोलली न्हाय मासळी. गिऱ्हाईक खूश, आजी खूश. काटा लागतो कोणाला? ज्याचा समोरच्यावर भरवसा न्हाय त्याला."

"आजी वरचे बोंबील मोठे ठेवायची आणि खाली बारके," ब्रिटनी म्हणाली. "मम्मीने सांगितलंय मला."

स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचं, आयरिनचं, हसणं ऐकू आलं. डॉमनिकने सासू-सुनेच्या जुन्या वैरावर काही बोलायचं नाही असं लग्नानंतर आठव्या दिवशीच ठरवलं होतं. तो बाहेर जाऊन बसला. काटा फ्रिजवर गेला. ब्रिटनीने पुढे दोनतीनदा म्हटलं, "पप्पा, निदान एकदा तोलून लिहून तरी ठेवू. तुमच्यानंतर कोण करणार?" डॉमनिक म्हणायचा, "माझ्या वेळी काय ती कॅफेवाली कॉफी द्या, वर त्या फेसात बदाम काढतात ना, तसली." मुलीने हसून सोडून दिलं. पण खरी गोष्ट अशी की डॉमनिकला ते माप कोणाला द्यायचंच नव्हतं. पॉलिश मारणाऱ्या माणसाचं नाव भांड्यावर नसतं. जगात एकच गोष्ट अशी होती की जी केली की लोक म्हणत, "डॉमनिकची हाय."

ह्याच हौसेपायी त्याचा भाऊ तुटला होता.

ॲड्रियन त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. धक्क्यावर त्याला मान होता, कारण बंद पडलेल्या इंजिनाशी तो शिव्या न देता बोलायचा, आणि हे त्या धंद्यात दुर्मीळ. दोघा भावांची घरं एका भिंतीला भिंत लावून. नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. दोघे मुलगे रीतीप्रमाणे पेटीच्या उशाशी बाकावर बसले. कॉफी दुसऱ्या कोणाकडे दिली होती. पेले फिरायला लागले. डॉमनिकच्याही हातात एक आला. त्याने घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. ती कॉफी नव्हती. कोमट पाण्याने कॉफीची आठवण काढली होती. आईच्या मयताला असली कॉफी? पाखाडी काय म्हणेल? त्याने ॲड्रियनच्या कानात सांगितलं, "पाच मिनिटांत येतो," आणि तो मागच्या दाराने परसात गेला.

पाच मिनिटांची चाळीस झाली. तोप ओतून टाकायचा, बिया आणायच्या, दळायच्या, उकळी यायची, पाच मिनिटांत काय होतं? परत आला तेव्हा लोक म्हणत होते, वा, आता कशी! आणि फादर येऊन उभे होते. पेटी उचलायची वेळ झाली. डॉमनिक पुढच्या बाजूला गेला. ॲड्रियनने त्याच्या छातीवर हात ठेवला.

"तोपाला हात लावलास ना? मग खांदा न्हाय."

"अरे, आईसाठीच—"

"मागे हो. शेजाऱ्यांबरोबर चाल. तू मुलगा हायस का कॅटरर?"

सगळ्या पाखाडीसमोर. डॉमनिक मागे झाला आणि देवळापर्यंत आपल्या आईच्या मागून शेजाऱ्यांबरोबर चालत गेला. हातांना गुळाचा चिकटपणा होता, तो त्याने चालता चालता पँटला पुसला.

त्यानंतर दोघे भाऊ बोलले नाहीत. नऊ वर्षं म्हणजे काही थोडा काळ नव्हे. भिंत एक असल्यामुळे दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू यायचं. ॲड्रियनला खोकला झाला की डॉमनिक आयरिनला म्हणायचा, "त्याला सांग, अडुळसा घे म्हणावं," आणि आयरिन म्हणायची, "भिंतीला तोंड लावून तूच सांग." मग कोणीच सांगायचं नाही. खोकला आपोआप जायचा. नाताळला इकडच्या करंज्या तिकडे आणि तिकडच्या इकडे जात, मुलांच्या हातून. त्या करंज्या डॉमनिक एकेक करून सगळ्या खायचा, आणि बशी रिकामी परत करायची नसते म्हणून तीत आपल्या झाडाचे चिकू ठेवायचा. भांडणातही इतकी रीत होती. बोलायची तेवढी नव्हती.

तो गुरुवार होता. सकाळी आठला भिंतीपलीकडून एकदम आवाज वाढले. ॲड्रियनला पहाटेच छातीत दुखतं म्हणून हॉस्पिटलात नेलं होतं, हे इकडे कळलंच नव्हतं. रिक्षा मागच्या गल्लीतून गेली होती. साडेआठला दार वाजलं. दारात जेसन, ॲड्रियन आणि कॅरेनचा मुलगा. त्याचा शर्ट उलटा घातलेला होता.

"काका, डॅडी गेले."

आयरिनने पोराला जवळ घेतलं. थोड्या वेळाने जेसन नाक पुसत म्हणाला, "दोनला घरी आणणार. साडेचारला देवळात मास. मम्मीने सांगितलंय, कॉफीचं तुम्ही बघा."

"बरं," डॉमनिक म्हणाला.

अडतीस वर्षांची सवय. त्या वाक्याला त्याच्या तोंडून हेच उत्तर यायचं, शिंकेवर "गॉड ब्लेस" येतं तसं. जेसन गेला. डॉमनिकने फळीवरचा तोप काढला, आणि मग आयरिन म्हणाली, "काय बोललास ते कळलं काय तुला?"

"काय?"

"कॅरेनने तुला शेजारी केलं. तू 'बरं' बोललास."

डॉमनिकने तोप खाली ठेवला. त्याचा आवाज झाला आणि दोघेही दचकले, कारण पलीकडे ऐकू जातं.

त्याला बसायचं होतं. हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. नऊ वर्षांत भावाशी बोलायच्या त्याने शंभर जागा मनात पाहून ठेवल्या होत्या: धक्क्यावर, देवळाच्या पायरीवर, जेसनच्या लग्नात. त्यांतली एकही आता उरली नव्हती. फक्त पेटीच्या उशाशी असलेला बाक उरला होता, आणि तोही साडेचारपर्यंत.

"मी जाऊन सांगतो, न्हाय करणार म्हणून," तो म्हणाला.

"हां, सांग. नवरा जाऊन तास न झालेल्या बाईला सांग, तुझ्या घरी कॉफी न्हाय करणार. मग बाकावर काय, अंगणात पण नको यायला."

"मग कोणी दुसऱ्याने करावी."

"कोणी? तू कोणाला शिकवलंस?"

अडतीस वर्षं त्याने ते माप मुठीत धरून ठेवलं होतं, आणि आता मूठ उघडायची तर आत काय आहे ते त्यालाच दिसत नव्हतं.

ब्रिटनी कामावर निघाली होती ती काशीमीऱ्याहून परत फिरली. साडेदहाला घरात आली, रडली, तोंड धुतलं आणि फ्रिजवरचा काटा काढून टेबलावर ठेवला. "मी करते, पप्पा. मी खांदा देणार नाहीये ना? मग मला चालतं." बाई असल्यामुळे ती खांद्याच्या हिशेबातच नव्हती. नियम पुरुषांनी केले की अशा फटी राहतातच, आणि वेळेला बायका त्यांतूनच घर चालवतात.

"तुम्ही नेहमीसारखा मग भरा. मी तोलते."

डॉमनिकने मग भरला. ती म्हणाली, "एकशे अठ्ठावीस." त्याने ओतून पुन्हा भरला. "एकशे सत्तेचाळीस." पुन्हा. "एकशे एकोणीस. पप्पा, दर वेळी वेगळं भरताय."

"हात ठीक हाय. तुझा काटा थरथरतो."

"आणि ह्या डब्यातल्या जुन्या बिया आहेत. ह्या अर्धा किलोसुद्धा नाहीत. कॅफेतून आणलेल्या नव्या घ्याव्या लागतील." तिने नव्या बियांची पिशवी उघडली. त्या तांबूस होत्या, बारीक, कमी भाजलेल्या. डॉमनिकचं भाईंदरचं जुनं दुकान गेल्या वर्षी बंद झालं होतं. तिथे कोळशाच्या रंगाच्या बिया मिळायच्या. मगात नव्या बिया तेवढ्याच भरल्या, काठाला काठ. काट्यावर एकशे अठ्ठावन्न आले.

डॉमनिक त्या आकड्याकडे बघत राहिला. मग तोच. हात तोच. भरला तसाच. आणि आत वेगळंच काही.

"म्हणजे एवढी वर्षं मी जे मापत होतो..." तो म्हणाला.

"एवढी वर्षं बिया एका दुकानातल्या होत्या ना, म्हणून चाललं."

"चाललं," डॉमनिक म्हणाला. हा शब्द त्याला आयुष्यात इतका फाटका कधी वाटला नव्हता.

"आता सांगा, ॲड्रियन काकांसाठी किती घेऊ?"

त्याने मग घेतला आणि पिशवीत बुडवला. वर काढला तेव्हा शीग लागली होती. त्याने दुसऱ्या हाताने आणखी वर ठेवल्या. त्या घरंगळल्या, टेबलावर पडल्या, खाली गेल्या, फ्रिजखाली गेल्या. तो आणखी ठेवत होता.

"पप्पा."

तो थांबेना.

"पप्पा, एवढी नाही पिता येणार कोणाला. जहर होईल." तिने त्याच्या हातातला मग काढून घेतला. "दहा लिटर पाण्याला सहाशे ग्रॅम. मी बरोबर करते. तुमच्यासारखीच येईल. एक ग्रॅम इकडे-तिकडे नाही. जा तुम्ही, आंघोळ करा, काळी पँट घाला."

"सहाशे," डॉमनिक म्हणाला. आकडा बरोबर असेल. तोल-माप शिकलेली मुलगी, ती चुकायची नाही. पण त्याला वाटलं, आईच्या वेळी उठून गेलो त्याचे किती धरले यात? न पाठवलेल्या अडुळशाचे किती? मुलीला असलं काही विचारता येत नाही. तो आंघोळीला गेला.

दोनला ॲड्रियनला घरी आणलं. अडीचला डॉमनिक पलीकडच्या अंगणात शिरला. नऊ वर्षांत ह्या अंगणाच्या फरश्या बदलल्या होत्या, ते त्याला आता कळलं. आतल्या खोलीत पेटी होती. उशाशी बाकावर कॅरेन, तिच्या बाजूला जेसन. कॅरेनने मान वर केली. आधी तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. कोरडे होते. काय करायचं त्यांचं हे न कळल्यासारखे दोन्ही बाजूंना लोंबत होते.

जेसन थोडा सरकला. डॉमनिक बाकाच्या टोकाला, अर्धा आत अर्धा बाहेर, असा बसला.

ॲड्रियनला निळा सूट घातला होता. एवढ्या जवळून त्याने भावाला नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. कपाळ मागे गेलं होतं. डाव्या हाताच्या नखात काळं ग्रीस होतं, धुवूनही न गेलेलं. डॉमनिकला वाटलं, मला सांगितलं असतं तर मी काढलं असतं, पॉलिशवाल्याला ते येतं. आणि मग तो खाली मान घालून बसला.

तीननंतर लोक यायला लागले. पाखाडी आली, दुसऱ्या पाखाड्या आल्या, आणि मग धक्का आला. सगळा धक्का. ज्यांच्या इंजिनाशी ॲड्रियन बोलला होता ते सगळे: उत्तनचे, चौकचे, राईचे, कॅथलिक, हिंदू, बोटीवर कामाला असलेले परप्रांतीय भय्येसुद्धा, टोप्या हातात घेऊन. मांडवातल्या खुर्च्या संपल्या. लोक गल्लीत उभे राहिले. डॉमनिकला अभिमान वाटला, आणि पाठोपाठ धास्ती. कारण त्याने नकळत डोकी मोजली होती. दहा लिटर शंभर माणसांचं. इथे अडीचशेच्या वर होती.

खिडकीतून परस दिसत होतं. चुलीपाशी ब्रिटनी, घामाने निथळलेली, आणि मदतीला पलीकडच्या दुर्गामावशी. दुर्गामावशी म्हणजे मायेची बाई. कोणाच्याही घरचं कार्य असो, कोणी उपाशी-तहानेला जाऊ नये एवढाच तिचा धर्म. डॉमनिकच्या डोळ्यांदेखत मावशीने एक कळशी उचलली आणि तोपात ओतली. ब्रिटनी काहीतरी बोलली. मावशीने गर्दीकडे हात केला आणि दुसरी कळशी ओतली. सहाशे ग्रॅम अगदी ग्रॅमाला ग्रॅम बरोबर तोलले होते. पाणी काट्यावर चढलंच नव्हतं.

डॉमनिकचे गुडघे आपोआप उठायला लागले. अजून वेळ होता. डब्यातल्या जुन्या बिया होत्या, दोन मग तरी निघतील, वरून एक उकळी, थोडा गूळ, पाच मिनिटं.

पाच मिनिटं.

तो बसला. बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसला.

पेले फिरले. मांडवात ती नेहमीची कुजबुज सुरू झाली. मांडवाकडच्या खिडकीला टेकून दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांना आतलं दिसत नव्हतं आणि कमी ऐकू येत असल्यामुळे त्या मोठ्यानेच कुजबुजत होत्या.

"पाणी हाय गो निव्वळ."

"डॉमनिकची ना?"

"त्याचीच. जेसनने सकाळी सांगितलेलं त्याला, मी तिथेच होते."

"भावाला पण पातळ केली?"

"राग असेल. नऊ वर्षांचा."

"मेल्यावर तरी सोडायचा. मास्तरांना पण याच्यापेक्षा बरी होती."

डॉमनिकने ऐकलं. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. जेसनने मान खाली घातली. बाहेर जाऊन सांगता आलं असतं: मी नाही केली, मी इथे बसलोय, माझ्या हाताला धुराचा वास तरी येतो का बघा. पण त्यासाठीही उठावं लागलं असतं. आणि कितींना सांगणार? ही गोष्ट आता मांडवातून गल्लीत, गल्लीतून धक्क्यावर जाणार, तिथून बोटीत बसून समुद्रात जाणार. अडतीस वर्षं पाखाडीला त्यानेच शिकवलं होतं पेला वाचायला. आज त्यांनी वाचलं.

एका पोरीने आत ट्रे आणला. जेसनने घेतला, कॅरेनने घेतला, डॉमनिकने घेतला. पेल्याचा तळ दिसत होता, त्यावरची कारखान्याची खूणसुद्धा. त्याने प्यायला सुरुवात केली. आईच्या वेळी एका घोटानंतर खाली ठेवला होता, आज पुरा पेला संपवायचा होता.

कॅरेनने एक घोट घेतला. ती त्याच्याकडे वळली. सकाळपासून रडून तिचा आवाज बसला होता.

"भाऊ, तुम्ही केलीत?"

"न्हाय," डॉमनिक म्हणाला. "मी इथंच हाय."

ती त्याच्याकडे बघत राहिली, त्याच्या हातांकडे नव्हे, ह्या खेपेला तोंडाकडे. तिला पटलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळण्यासारखं नव्हतं. त्या चेहऱ्याला तेव्हा दुसरीच कामं होती.

"पातळ हाय," ती म्हणाली.

"हाय."

"त्यांना आवडली नसती."

"न्हाय. ओतून टाकली असती त्याने."

कॅरेनच्या ओठाचा एक कोपरा हलला. ते हसू नव्हतं, पण हसू ज्या रस्त्याने येतं त्या रस्त्यावर काहीतरी हललं होतं खरं. तिने बाकावर मधे ठेवलेलं प्रार्थनेचं पुस्तक उचलून मांडीवर घेतलं. चार बोटं जागा झाली. डॉमनिक तेवढा आत सरकला.

फादर आले. प्रार्थना झाली. एकेक जण पेटीपाशी येऊन कपाळाला हात लावून गेला. डॉमनिकची पाळी आली. त्याने शंभर जागा पाहून ठेवल्या होत्या, पण त्या जागांवर काय बोलायचं ते कधी ठरवलं नव्हतं. "ॲड्रियन," तो म्हणाला, "खोकला कसा हाय?" आणि मागच्या माणसाने हळूच त्याचा दंड धरला.

मग चार माणसं झाकण घेऊन आत आली. डॉमनिक ते नुसता बघत राहिला. अडतीस वर्षांत तो शेकडो मयतांना गेला होता. नेमक्या ह्या वेळी तो नेहमी परसात असायचा, राखेने तोप घासत, तोप इतका मोठा की त्याच्या खरखराटात घरातलं दुसरं काहीच ऐकू येत नसे. झाकण बसताना लाकडाचा आवाज होतो, मग चारी कोपऱ्यांना पितळी स्क्रू एकेक करून पिळतात, आणि तेवढा वेळ खोलीत कोणी श्वास घेत नाही, हे त्याला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

"काका, पुढे या," जेसन म्हणाला. "डावीकडे."

पेटी उचलली. ॲड्रियन अंगाने किडकिडीत होता, तरी ती जड लागली. डॉमनिकने खांदा नीट लावला आणि मांडवातून चालायला लागला. दोन्ही बाजूंनी लोक उभे होते, हातांत पाण्यासारखी कॉफी घेऊन त्याच्याकडे बघत.